आखाड्यातले लडाखी फुलपाखरू

प्रति,
मा. वनक्षेत्रपाल साहेब,
वन खात्याचे कार्यालय, विटा, जि. सांगली.

अर्जदार : गुंडा बाळा मोहिते, वस्ताद, गावची तालीम, मौजे बोरजाईवाडी.

विषय : तालमीत मुक्कामास असलेल्या फुलपाखराचे मूळ गाव ठरवून दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : माजी सुभेदार मानसिंग निकम यांचा तोंडी हुकूम, दि. २२ मार्च १९७९.

महोदय,

सविनय अर्ज करतो की,

१) मी सव्वीस वर्षे गावच्या तालमीचा वस्ताद आहे. आमची तांबडी माती ताक, हळद, लिंबू व तेल घालून मळलेली असून तीत पैलवानांचा घाम मुरलेला आहे. दि. २२ मार्च रोजी पांढऱ्या पंखांचे, लाल ठिपक्यांचे एक फुलपाखरू मातीवर येऊन बसले व सोंडेने माती चोखू लागले. त्याबद्दल आमची काही तक्रार नव्हती. आंबट-खारट कोणाला आवडत नाही?

२) परंतु त्याच वेळी सुभेदार निकम दारावरून जात होते. ते नऊ वर्षे लडाखात होते. त्यांनी आत डोकावून "थम" असा हुकूम सोडला. आमचे दोन गडी कुस्तीत गुंतलेल्या अवस्थेतच थांबले. सुभेदारांच्या म्हणण्याप्रमाणे सदर जात बर्फाच्या रेषेजवळ राहते, तिची अळी दगडांच्या सांदीत उगवणाऱ्या जाड पानांच्या बुटक्या झाडावर वाढते, अंगावर लव असते व ऊन पडल्याखेरीज ती उडत नाही. जाळी घेऊन येणारे लोक ती पकडून परदेशी विकतात, त्यामुळे ती कमी होत चालली आहे. सबब तिला धक्का लावणारा तुरुंगात जाईल, असे त्यांना छावणीवरील एका साहेबांनी सांगितले होते.

३) तेव्हापासून आखाड्याभोवती दोरी बांधलेली असून चार माजी सैनिक पाळीपाळीने पहारा देतात. कोणी दंड थोपटल्यास शिट्टी वाजते. फुलपाखरास आमची हवा मानवणार नाही म्हणून सुभेदारांनी विट्याहून भुश्शात गुंडाळून बर्फाची लादी आणवली व मातीच्या कडेला ठेवली. ती वितळून आखाड्याचा चिखल झाला. फुलपाखरू खूश आहे. चिखलावर ते जास्तच बसू लागले आहे.

४) साहेब, आता मुख्य मुद्दा. दि. १३ एप्रिल रोजी आमची यात्रा आहे. यात्रेत आमचा आकाराम शेजारगावच्या नानासोशी लढणार आहे. नानासोने त्याला सलग दोन वर्षे चीत केले आहे. यंदाही पाठ लागली तर लंगोट खुंटीला टांगून मामाच्या सोने गाळायच्या दुकानावर कानपूरला जाईन, असे आकारामने मला सांगितले आहे. तिकीटही काढून आणले आहे. तालमीत आता तो एकच खरा पैलवान उरला आहे. मला मूलबाळ नाही. तो गेला तर मी कोणाला शिकवू, हे मला कळत नाही. सध्या तो खळ्यावर मेहनत करतो, आणि खळ्यावर शेणसडा असल्याने पाय निसटतो.

५) आकारामची आई साळूबाई हिने दोरीबाहेर उभे राहून असे स्पष्ट सांगितले की, "आवं, ह्ये आमच्या आंब्याच्या बांडगुळावरचं पाखरू हाय. पंखाखाली पिवळं बघा की. दर साली येतंय. लडाख काय घिऊन बसलाय?" त्यावर सुभेदारांनी बाईमाणसाला सरहद्दीतले कळत नाही असे म्हटले. साळूबाईंनी त्यावर जे म्हटले ते अर्जात लिहिण्याजोगे नाही.

तरी साहेबांनी यात्रेपूर्वी समक्ष येऊन फुलपाखरू पाहावे. ते स्थानिक असल्यास तसा शिक्क्यानिशी दाखला द्यावा. उत्तरेकडचे असल्यास त्यास सरकारी खर्चाने घरी पोहोचते करावे, ही हात जोडून विनंती.

दि. २ एप्रिल १९७९

आपला नम्र, व सध्या चिखलात रुतलेला,
गुंडा बाळा मोहिते, वस्ताद

सोबत : १. फुलपाखराचे चित्र (आकारामने काढलेले, सोंड जरा लांब झाली आहे). २. बांडगुळाची फांदी, अळ्यांसह. पाकीट जपून उघडावे.

ता. क. : दि. १४ एप्रिल. सरपंचांच्या सहीसाठी अर्ज अकरा दिवस अडकल्याने पुढील हकीकत कळवितो. यात्रेच्या मैदानात रिवाजाप्रमाणे तालमीची माती, सुभेदारांच्या पहाऱ्यात, गाडीतून नेऊन पसरली. तिच्यामागे फुलपाखरूही आले. कुस्ती लागून घाम फुटताच ते आकारामच्या पाठीवर, बरोबर मधोमध बसले. सुभेदार ओरडले, "पाठ टेकू नगंस रं, आत जाशील!" नानासोने त्याला तीन वेळा खाली घेतले, परंतु आकाराम कोपरांवर व डोक्यावर तरला, पाठ काही लावू दिली नाही. विसाव्या मिनिटाला नानासो दमले आणि आकारामने ढाक हा डाव मारून त्यांना चीत केले. मी इतका रडलो की पंचांनी मला पाणी पाजले.

फुलपाखरू उडाले व नानासोच्या छातीवर बसले. सुभेदारांनी शिट्टी वाजवली. कायद्यास मान देऊन नानासो पाऊण तास तसेच उताणे पडून होते, व दोन्ही गावांनी ते पाहिले.

आकारामने तिकीट परत केले आहे. तरी माझा वरील अर्ज रद्द समजावा, व चौकशीस कोणी येऊ नये. फुलपाखरू लडाखचेच आहे. साळूबाईंनीही तसे मान्य केले आहे.