महाराजांना रोज सांगायचं ते

२४ जून, मंगळवार

हे होते तेव्हाची एक सकाळ आठवली. त्या दिवशी नळाला पाणी येणार होतं म्हणून मी मठात लवकर गेले होते. टाकी भरली, ओटा धुतला, समया घासल्या, तुळशीची पानं खुडून ठेवली. हे महाराजांची दाढी करत होते. फेस कानाला लागला तसे महाराज कुरकुरले, "अरे, मला नवरदेव करतो का काय?" ह्यांनी टॉवेलनं कान पुसला. मग पेलाभर दूध, आंघोळ, गंध. बैठकीवर बसता बसता महाराजांनी मला विचारलं, "कमल, काल कुठं थांबलो?" आणि मी पान उघडायच्या आत स्वतःच पुढची ओवी म्हटली.

वेगळं काहीच घडलं नव्हतं त्या सकाळी. आज का आठवली ते मला माहीत आहे.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आता दाढीला न्हावी येतो, बाकी सगळं माझ्याकडं. ग्रंथ मी वाचते, अर्थ महाराज सांगतात. माझी शाळा चौथीत सुटलेली. वाचायला शिकले ते ह्यांच्या शेजारी बसून. ह्यांचं बोट ओवीवरून सरकायचं, मी बोटामागं डोळे न्यायचे.

आज महाराजांनी विहिरीच्या दोराची गोष्ट सांगितली. संपवली. परत सुरू केली. तेच शब्द, त्याच जागी थांबणं. मी पुढची ओवी वाचायला घेतली तर हात वर केला आणि तिसऱ्यांदा तीच गोष्ट.

लोक माना डोलावत होते. आप्पा बाहेर चपला घालताना म्हणाले, "वहिनी, आज महाराजांनी फार ठासून सांगितलं." आप्पा पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले, तेव्हापासून मठाचा कारभार तेच बघतात. मी नुसतं हं केलं.

२६ जून, गुरुवार

दुपारी संगीता आली, लासूर स्टेशनची. सकाळच्या गाडीनं निघालेली, तोंड सुकलेलं. तिचा मुलगा दिवाळीत गेला, मोटारसायकलवरून पडून. ज्येष्ठाच्या पौर्णिमेला महाराजांनी तिला अनुग्रह दिला. दोघांच्या डोक्यावर उपरणं मीच धरलं होतं. आत महाराज उजव्या कानात मंत्र सांगतात, तीनदा. बाहेरच्याला ऐकू येत नाही, आणि ज्याला मिळाला त्यानं कधी कुणापुढं उच्चारायचा नाही.

मी भांडी घासत होते, तिथंच येऊन बसली.

"काकू, कानातलं दुसऱ्याला सांगितलं तर मंत्र मरतो व्हय?"

"असं म्हणतात."

"पण मंत्रच नसंल तर?"

मी हात थांबवला.

"महाराज म्हणले, गाईला पेंड घातली का."

"काय?"

"तेच. तीन येळा. गाईला पेंड घातली का. मी म्हणलं, आपण औंदा गाय इकली ते महाराजांना कळलं असंल. घरी जाऊन माळेवर तेच म्हणती रोज. सासू इचारती, काय पुटपुटती गं, नाव घेती का बाजारहाट करती?"

मला हसू आलं, आवरेना. साबणाचे हात तसेच तोंडाला. तीही हसली. हसता हसता रडायला लागली.

"पण काकू, खोटं नाय सांगत. झोप लागायला लागली मला. पोरगा गेल्यापासून पहिल्यांदा."

जाताना म्हणाली, "आज संध्याकाळी काय जपू तेवढं सांगा."

काय सांगणार? विचारून ठेवते म्हटलं.

त्या पौर्णिमेला उपरण्याखाली बरेच जण जाऊन आले. कुणाला काय मिळालं? कुणीच सांगणार नाही. नियमच तसा आहे. आणि गुरुपौर्णिमा तोंडावर आली. त्या दिवशी तर रांग गल्लीच्या टोकापर्यंत जाते.

२७ जून, शुक्रवार

आप्पांना सांगितलं. संगीताचं नाव घेतलं नाही.

डोळे मिटून बसले. मला वाटलं धक्का बसला. मग म्हणाले, "गाय म्हणजे इंद्रियं, वहिनी. पेंड म्हणजे नाम. इंद्रियांना नाम दिलं का, असं विचारतायत महाराज. केवढं सोपं करून दिलं बघा!"

"आप्पा, गाय म्हणजे गाय. देवगाव रंगारीला त्यांच्या आईच्या गोठ्यात होती ती. परवा मला विचारत होते, कपिली बांधली का म्हणून."

"तुम्ही फार जवळून बघता. जवळून बघणाऱ्याला महाराज म्हातारे दिसणारच."

राग आला. पण आप्पांचं काय होतं ते आमच्या बेगमपुऱ्यात सगळ्यांना माहीत आहे. बायको माहेरी निघून गेलेली, आप्पा दारूत बुडालेले. महाराजांनी कानात दोन शब्द सांगितले आणि दारू सुटली. त्या माणसाला मी म्हणतेय की त्या तोंडातनं आता काहीही निघतं. ते कसं ऐकतील?

ऐकायला तर लागेल.

२९ जून, रविवार

दुसऱ्यांशी बोलण्याआधी महाराजांशी बोलायला पाहिजे होतं. आज बोलले. आंघोळीआधी, दुधाचा पेला हातात दिल्यावर. सकाळी त्यांचं चित्त थाऱ्यावर असतं.

सगळं सांगितलं. दोराची गोष्ट, गाय, संगीता. ते पेल्याकडं बघत राहिले.

"अजून कुणाकुणाला?"

"माहीत नाही, महाराज."

"मग बंद. ज्याला आपण काय देतोय ते ठाऊक नाही, त्यानं देऊ नये. पौर्णिमेला मी स्वतःच सांगतो सगळ्यांना."

इतकं हलकं वाटलं मला. ओवी वाचताना आवाज मोकळा लागला.

संध्याकाळी आप्पा आले. "महाराज, गुरुपौर्णिमेला बसायचं ना अनुग्रहाला?"

"बसायचं की. न बसायला काय झालं?"

मी म्हटलं, "महाराज, सकाळी आपलं ठरलं…" त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी मी कुणाबरोबर तरी आलेली परकी बाई.

१ जुलै, मंगळवार

काल परत सांगितलं. आज परत. दोन्ही दिवस तोच चेहरा, तीच पेल्याकडं लागलेली नजर, तेच "अजून कुणाकुणाला?" त्यांना रोज पहिल्यांदाच कळतं.

ह्यांना घाटी दवाखान्यात डॉक्टरनी एकदाच सांगितलं होतं, आता बरं व्हायचं नाही म्हणून. शेवटपर्यंत लक्षात होतं ह्यांच्या. तेव्हा मी देवाला म्हणायचे, ह्यांना विसर पडू दे. एक दिवस तरी. पडला नाही.

इथं देवानं विसर दिलाय आणि मीच तो टिकू देत नाही.

महाराजांचे डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, गोळ्या चालू ठेवा, बेचैन होऊ देऊ नका. सांगितलं की बेचैन तर होतात. मग सोडून द्यावं का? पौर्णिमेला मुकाट्यानं उपरणं धरावं? लोक कुठून कुठून येतात. कुणाचं लेकरू गेलेलं, कुणाचा संसार मोडलेला. कानात पडेल ते मरेपर्यंत धरून बसतात.

नाही सोडायचं. उद्या परत सांगायचं.

४ जुलै, शुक्रवार

आज सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, "हे तू मला आधी सांगितलंय का गं?"

"रोज सांगते."

पेला खाली ठेवला. गॅसवर आंघोळीचं पाणी उकळत होतं. मग म्हणाले, "तर मग संध्याकाळी माझं ऐकू नको. मी हो म्हटलं तरी तू नाही म्हण. मी रागावलो तरी."

"लोकांना काय सांगू?"

"खरं ते सांग. म्हातारा विसरतो म्हणून सांग. त्यात काय लाजायचं?"

संगीताचं विचारलं. ती म्हणते की झोप लागते, चालू ठेवू दे का?

हसले. खूप हसले, ठसका लागेपर्यंत. "निजायच्या आधी आई रोज विचारायची ते. गाईला पेंड घातली का. घातली म्हटलं की पांघरूण मिळायचं. झोप लागणारच बाईला." मग डोळे पुसले. "नाही. तिला सांग, तिच्या घरात ज्या देवाचं नाव घेतात ते घे. त्यासाठी मी कान फुंकायला नको."

हे माझे गुरू. असे पुरे होते समोर, आंघोळीचं पाणी निवेपर्यंत.

फोन कमरेलाच होता. रेकॉर्ड करून आप्पांना ऐकवता आलं असतं. पण ज्यांच्यापुढं बसून ऐकायला शिकले त्यांना चोरून पकडायचं? ते जमणार नाही. आप्पांनाच पहाटे घेऊन येते.

संगीताला फोन केला. सांगितलं. म्हणाली, "बरं." थोड्या वेळानं, "पौर्णिमेला येते तरी."

७ जुलै, सोमवार

आप्पा आले सकाळी. मी बोलावलं म्हणून आले, तोंड फुगवून. एकादशीच्या उपासानं महाराज थकलेले होते, रात्री नीट झोपलेही नसावेत. पलंगावर पाय सोडून बसले होते.

आप्पा पाया पडले. महाराजांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, तोंड न्याहाळलं आणि म्हणाले, "दादा, कवा आला रानातून? गाईला पेंड घातली का?"

मला वाटलं आता आप्पा म्हणतील, इंद्रियं. पण ते तसेच वाकलेले राहिले. महाराज वाट बघत होते उत्तराची.

"घातली," आप्पा म्हणाले.

महाराजांनी मान हलवली, आडवे झाले.

बाहेर ओट्यावर आप्पा खांबाला टेकून उभे. मी पाणी दिलं. प्यायले नाहीत.

"वहिनी, लोक गावागावातून निघायच्या तयारीत आहेत. मांडव घालायला सांगितलाय. एवढी पौर्णिमा होऊ द्या. पुढचं मग बघू."

"तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग?"

"मग काय! माझं काय आहे दुसरं?" ओरडले एकदम. आणि चपला न घालताच फाटकापर्यंत गेले, परत आले, घातल्या, गेले.

म्हणजे आता त्यांनाही माहीत आहे. ते एक झालं.

१० जुलै, गुरुवार, गुरुपौर्णिमा

घरी येऊन हात धुऊन लगेच लिहायला बसले. उन्हं अजून आहेत. आठवतं तसं.

सकाळी महाराजांना सांगितलं. ऐकलं, म्हणाले, "तू आहेस ना." एवढंच.

पूजा झाली, वाचन झालं. अर्थ चांगला सांगितला, फार चांगला. मांडव भरलेला. मग अनुग्रहाला रांग लागायला सुरुवात झाली. संगीता पाठीमागं खांबापाशी होती. आप्पांनी घडी केलेलं उपरणं माझ्या हातात दिलं. माझ्याकडं न बघता.

मी ते घेतलं आणि उभी राहिले. माईकवर बोलायची सवय नाही. मोठ्यानं बोलले. "महाराज आता विसरतात. कुणाला काय सांगितलं ते त्यांच्या ध्यानात राहत नाही. आज अनुग्रह होणार नाही, इथून पुढंही नाही. हे त्यांनीच मला सांगितलंय. दर्शन घ्या, जेवून जा."

मग एक म्हातारी, "आम्ही कन्नडहून आलोय बाई, तुझ्या परवानगीनं नाय!" दुसरी कुणी तरी, "नवरा होता तवर तोंड नव्हतं हिला." एक गृहस्थ, "महाराजांना विचारा ना, हिला काय विचारता?"

महाराज माझ्याकडं बघत होते. "काय झालं गं? बसतो की मी. आण ते उपरणं."

"नाही, महाराज."

"अगं आण. माणसं खोळंबलीत."

"नाही."

"कमल!" एवढ्या वर्षांत माझ्यावर ओरडले नव्हते ते. उपरणं काखेत घट्ट धरलं आणि तिसऱ्यांदा नाही म्हटलं.

मांडवात गलका. सगळे आप्पांकडं बघायला लागले. आप्पांनी माईक हातात घेतला. मग म्हणाले, "दर्शनाची रांग डावीकडून. प्रसाद सगळ्यांनी घ्या." आणि माईक बंद करून ठेवला.

निम्मे लोक न जेवता गेले. संगीता जेवली, वाढायलाही लागली. जाताना माझ्या पाया पडायला वाकली तर मी मागं सरले.

भांड्यांपाशी आप्पा आले. "वहिनी, तुम्ही उद्यापासून येऊ नका. मी दुसरी बाई बघतो."

"आणि सकाळी महाराजांना कोण सांगणार?"

"काय सांगायचं त्यांना?"

"रोज सांगायचं ते."

आप्पा वळून मांडवाकडं गेले. मीही निघाले. उपरणं काखेत तसंच राहिलं, घरी आल्यावर कळलं.

११ जुलै, शुक्रवार

आप्पा मठाच्या दारात उभे होते. नाही म्हणाले नाहीत, बाजूलाही झाले नाहीत. मी अंग चोरून आत गेले. दूध तापवलं.

महाराज उठून बसले होते, ताजेतवाने. "कमल, काल पौर्णिमा झाली ना? कुणाकुणाला दिला गं अनुग्रह?"

आप्पा माझ्यामागं येऊन उंबऱ्यात थांबले होते. मी पेला महाराजांच्या हातात दिला, त्यांच्यासमोर खाली बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.