तेराव्या रांगेतील इशारा व मयत अतवा जबर यांच्यावरील ठपका

प्रति,
मा. सुरक्षा संचालक,
नवरस कंटेनर यार्ड, पोर्ट सईद.

विषय : मयत अतवा जबर यांच्यावरील ठपका रद्द करून सदर इशारा प्रत्यक्ष रांगेत ऐकण्याबाबत.
संदर्भ : चौकशी समितीचा अहवाल, दि. २२ जानेवारी.

महोदय,

१. अर्जदार इन्शिराह दसूकी ही आपल्या यार्डात, क्रेन कोणत्या रांगेत कंटेनर उतरवणार त्याची भोंग्यावरून घोषणा करण्याच्या कामावर होती; ती ऐकून त्या रांगेतल्यांनी बाहेर यायचे. यार्डात नाना मुलखांतली माणसे असल्याने घोषणा इंग्रजीत करण्याचा नियम आहे. तेरावी रांग असल्यास अर्जदार ‘वन थ्री’ असे आकडे सुटे करून सांगत असे. कारण वारा असला की ‘थर्टीन्थ’ आणि ‘थर्टिएथ’, म्हणजे तेरावी आणि तिसावी, यांतला फरक भोंग्याबाहेर पडत नाही.

२. गेल्या वर्षी बोलणारे यंत्र आले. अर्जदारास बंद खोलीत बसवून आधी वन, टू, थ्री आणि मग फर्स्ट, सेकंड, थर्ड असे सर्व शब्द वदवून घेतले. पडद्यावरचा आकडा यंत्र त्या शब्दांत जुळवून बोलते. अर्जदाराने सुट्या आकड्यांचा विषय काढला असता अभियंता श्री. लमई म्हणाले, “बाई, कागदावर तेरावी रांग लिहिलंय, मशीन तेच वाचणार. तुम्ही फक्त आवाज द्या.” अर्जदाराने आवाज दिला. पुढच्याच आठवड्यात तिची बदली गणवेश भांडारात झाली.

३. मयत अतवा हे अर्जदाराचे पती, कंटेनर बांधणाऱ्या टोळीत कामाला. त्यांना इंग्रजी येत नव्हते, आकडे तेवढे येत. तेही अर्जदारानेच घरी मटार सोलताना शिकवलेले. दि. ११ जानेवारीस सकाळी उत्तरेचा वारा सुटला होता. इशारा झाला तेव्हा टोळीनायक राईस बदीर यांनी रांगेच्या टोकावरून विचारले, “अतवा, आपली रांग तर नव्हे?” अतवा म्हणाले, “तिसावी म्हणाली. बायकोचं बोलणं मला कळत नाही होय?”

कंटेनर तेराव्या रांगेत उतरला.

४. समितीने अर्जदारास बोलावले. आपले म्हणणे ऐकून घेतील, या आशेने ती गेली. दारे-खिडक्या लावून तो इशारा वाजवण्यात आला. “आवाज आपलाच ना? उच्चार स्पष्ट आहे ना?” दोन्हीला अर्जदार होय म्हणाली, कारण त्या खोलीत तो स्पष्टच होता. पुढे बोलू लागली तोच चहा आला आणि सहीसाठी कागद पुढे सरकवला गेला. अहवालात लिहिले आहे : ‘इशारा सुस्पष्ट असल्याचे खुद्द मयताच्या पत्नीने मान्य केले आहे. मयताने दुर्लक्ष केले.’

सासूबाईंनी अहवाल शेजाऱ्याकडून वाचून घेतला. त्या एवढेच म्हणाल्या, “घरात तूच बोलायचीस, तिथंही तूच बोललीस, आणि सहीही तूच केलीस.” तेव्हापासून त्या अर्जदाराच्या हातचे खात नाहीत.

५. अशातच यार्ड वाढत असल्याने शंभरापुढील रांगांसाठी आवाज देण्यास हजर राहावे, असे आपल्या कार्यालयाचे पत्र आले. अर्जदार गेलेली नाही.

६. सध्या यंत्र कोणताही आकडा बोलले तरी सगळ्या टोळ्या रांगा सोडून बाहेर येतात. राईस बदीर यांनी पोरांना बजावले आहे, “आकडा ऐकत बसायचं नाही. बाई बोलली की निघायचं.” त्याबद्दल आपण या टोळ्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी कापण्याची नोटीस लावली आहे. महोदय, ही माणसे काम चुकवत नाहीत. त्यांनी अतवाला बाहेर काढले आहे.

७. सबब विनंती की, ती नोटीस मागे घ्यावी व आकडे सुटे बोलावेत. तसेच उत्तरेचा वारा असेल त्या दिवशी समितीने तेराव्या रांगेत उभे राहावे. क्रेन चालू असावी. तेरावी व तिसावी यांपैकी कोणत्याही एका रांगेचा इशारा, न सांगता, एकदाच वाजवावा आणि रांग कोणती ते प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहावे. अर्जदारही तिथेच उभी राहील. सर्वांचे उत्तर बरोबर आले, तर अर्जदार त्या अहवालावर पुन्हा सही करील.

वाऱ्याच्या दिवशी बोलावणे येईल या अपेक्षेत,
आपली नम्र,
इन्शिराह दसूकी
गणवेश भांडार
दि. ९ फेब्रुवारी

सोबत : १) अहवालाची प्रत २) मजुरी कपातीची नोटीस ३) टोळीतील कामगारांच्या सह्या व अंगठे