हिरवी खूण

९ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं, झोप लागते. भाचीला चष्मा लागल्याचं कळलं. तिला सांग, मामालाही तिच्याच वयात लागला होता आणि त्याने तो पहिल्याच आठवड्यात फोडला होता, तेव्हा तिच्यापुढे अजून बराच वाव आहे.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. फोनवर उत्तर दिलं असतं, पण मी काही बोलायला लागलो की तू मध्येच "जाऊ दे रे" म्हणतेस आणि मी खरंच जाऊ देतो. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

आधी कामाचं सांगतो, कारण ते सोपं आहे. रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षातलं आमचं नवं सॉफ्टवेअर तयार झालं. आता इंटरनेट गेलं तरी काम थांबत नाही. कपाटात एक खोका ठेवला आहे, तुझ्या पोळ्यांच्या डब्यापेक्षा थोडा मोठा. सहाही टेबलांवरची यंत्रं तारांनी त्याला जोडली आहेत. शहराचा नकाशा त्यातच साठवलेला आहे आणि गाड्यांना निरोप आमच्या स्वतःच्या वायरलेसवरून जातो. गेला आठवडाभर आम्ही रोज भर दुपारी, फोन सर्वांत जास्त येतात तेव्हा, इंटरनेटची तार काढून ठेवत होतो. एकही फोन अडला नाही. साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्यांचा हात जड आहे, एवढंच जाणवलं.

गुरुवारी उद्घाटन आहे. साहेबांनी तुला फोन केला होता आणि तू लगेच होकार दिलास, असं ते म्हणाले. वर्तमानपत्रवाले येणार, तू सगळ्यांसमोर इंटरनेटची निळी तार ओढून काढायची आणि पडद्यावरचं काम चालूच राहणार, असा बेत आहे. तू म्हणे त्यांना सांगितलंस, "माझ्या भावाने त्याच्या दाजींसाठी केलंय हे सगळं." साहेब हे मला दोनदा सांगून गेले. मी हो हो म्हटलं आणि पाणी प्यायला गेलो.

तू पत्रात विचारलं आहेस की दाजींना जाऊन वर्ष होत आलं तरी मी घरी का येत नाही. कामाचं निमित्त मी इतक्यांदा पुढे केलं आहे की आता मलाही ते खरं वाटतं. आणि तू लिहिलं आहेस, की अजूनही रोज दात घासताना तुला तेच आठवतं: शेजारचे जनावरांचे डॉक्टर गाडी चालू करून फाटकाशी उभे होते, "बसवा यांना, मी नेतो" म्हणत होते, आणि तू त्यांना नको म्हणालीस. रुग्णवाहिका निघाली आहे असं फोनवर सांगितलं होतं म्हणून. "मीच घालवलं त्यांना," असं लिहिलं आहेस. त्या ओळीखाली शाई जरा फुटली आहे.

इथवर लिहून उठलो होतो. चहा केला, तो तसाच राहिला. कपडे वाळत घातले. आता संध्याकाळचे पाच वाजले आहेत.

ताई, गाडी निघाली नव्हती.

तू समजून चालली आहेस की गाडी निघाली, पण इंटरनेट गेल्यामुळे चालकाला रस्ता सापडेना आणि उशीर झाला. चौकशीच्या अहवालात कारण म्हणून 'इंटरनेट सेवा खंडित झाल्याने विलंब' एवढंच लिहिलं आहे. त्यातून कोणालाही तसंच वाटेल. तुला तसं वाटतंय हे मला दवाखान्याच्या व्हरांड्यातच कळलं होतं. मी तुझी चूक दुरुस्त केली नाही. तुझी पर्स धरून उभा राहिलो.

झालं ते असं. पूर्वी सॉफ्टवेअर नव्हतं तेव्हा फोन घेणारी बाई चालकाला वायरलेसवर पत्ता सांगायची. आमच्याकडे एक जुन्या बाई होत्या. बोलता बोलता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ सांगायच्या, म्हणून सगळे त्यांना घड्याळबाई म्हणत. त्यांचा एक नियम होता. चालक स्वतःच्या तोंडाने "निघालो" म्हणेपर्यंत फोनवरच्या माणसाला "निघाली" म्हणायचं नाही. समोरचा कितीही ओरडू दे, "कळवतेय, थांबा" एवढंच म्हणायचं. मी सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन हे सांगितलं होतं. "निघाली म्हटलं ना, की माणूस दुसरं काही करत नाही रे. नुसता वाट बघत बसतो."

मी हसलो होतो. म्हटलं, बाई, आता यंत्रच सगळं करतं.

मग अडचण आली. इंटरनेट मंद झालं की 'पाठवा' बटण दाबल्यावर पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहायचं. बायका वैतागून तीन तीनदा बटण दाबायच्या आणि एका घरापुढे तीन गाड्या जाऊन उभ्या राहायच्या. साहेब म्हणाले, काहीतरी कर. मी एका दुपारीत केलं. बटण दाबलं की लगेच हिरवी खूण आणि 'गाडी पाठवली' अशी अक्षरं. निरोप प्रत्यक्षात मागून जाईल, जाईल तेव्हा. इंटरनेट दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त कधी जात नव्हतं, म्हणून कोणाला फरक कळला नाही. सगळे खूश झाले. वायरलेसचे संच कपाटात गेले.

त्या दिवशी इंटरनेट एकोणीस मिनिटं गेलं.

तुझा फोन घड्याळबाईंनी घेतला. बटण दाबलं, हिरवी खूण आली, 'गाडी पाठवली' दिसलं. मी शिकवलं होतं तसं त्यांनी तुला सांगितलं, "गाडी निघाली आहे." तू दुसऱ्यांदा फोन केलास तेव्हाही खूण हिरवीच होती. गाडी तुझ्या घरापासून चार मिनिटांवरच्या रुग्णवाहिकांच्या थांब्यावर उभी होती. चालक पेपर वाचत होता. त्याच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. इंटरनेट परत आलं, त्याच्या समोरचा पडदा वाजला आणि तो त्या सेकंदाला निघाला. तो माणूस चार मिनिटांचं अंतर तीन मिनिटांत आला, ताई. त्याच्याबद्दल मनात काही ठेवू नकोस.

मी शेजारच्या खोलीत होतो. इंटरनेट आल्यावर किती निरोप अडकून राहिले होते ते बघायला यादी उघडली. तीन होते. दुसऱ्यावर तुझा पत्ता होता. मी वहीत आधी 'तीन' असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि मग तुला फोन लावला. रेघ का मारली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या दिवसापासून मी तसाच आहे. रडू येत नाही, राग येत नाही. लोक समजतात मी धीराचा आहे.

चौकशीत घड्याळबाई म्हणाल्या, "शब्द मी दिला होता, चूक माझी." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघत होतो. पुढच्या महिन्यात त्यांनी नोकरी सोडली. साहेबांनी दोष इंटरनेटवर टाकला. तू स्वतःवर घेतलास. तुम्ही तिघांनी सगळं वाटून घेतलंत, माझ्या वाट्याला काही उरलंच नाही, आणि मी मागितलंही नाही.

ही हिरवी खूण माझी होती. शेजाऱ्यांना तू नको म्हणालीस, कारण मी लिहिलेलं खोटं तुला खऱ्या माणसाच्या आवाजात ऐकू आलं. त्या क्षणी कोणीही नकोच म्हटलं असतं. तू दाजींना घालवलं नाहीस. हे तुला अकरा महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं. रोज सकाळी तू ते ओझं उचलत होतीस आणि मला माहीत होतं. बाकी कशाची नाही तरी याची मला लाज वाटते, आणि ती अगदी जिवंत आहे.

दाजी बुद्धिबळात चाल परत मागायचे, आठवतं? घोडा उचलून ठेवायचे आणि मग लाडात येऊन, "खटपट्या, एवढी एक." मी एकदाही दिली नाही. नियम म्हणजे नियम, असं ऐकवायचो.

नवं सॉफ्टवेअर करताना मी घड्याळबाईंच्या घरी गेलो होतो. वाटलं होतं दार लावून घेतील. त्यांनी आत घेतलं, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "मला सांगितलंस ते ठीक. बहिणीला सांगितलंस का?" त्यांनी घड्याळाकडे बघितलं, पण वेळ सांगितली नाही. मग चार रविवार त्यांनी मला शेजारी बसवून काम शिकवलं. आता बटण दाबलं की पडद्यावर राखाडी अक्षरं येतात, 'निरोप पोचलेला नाही'. गाडीतला चालक स्वतःच्या हाताने 'निघालो' दाबत नाही तोवर ती तशीच राहतात. अर्ध्या मिनिटात त्याने दाबलं नाही तर घंटा वाजते आणि बाई वायरलेस उचलते. खोका, तारा, नकाशा हे कोणीही केलं असतं. करायचं होतं ते एवढंच होतं, आणि ते वायरलेसच्या जमान्यात आमच्याकडे होतंच.

आता गुरुवारचं. तुला हे माहीत नसताना तुझ्या हातून ती तार ओढून घेणं मला जमणार नाही. उद्या सकाळी साहेबांना मी सगळं लेखी देणार आहे. घड्याळबाईंचा कबुलीजबाब अहवालातून काढा, असंही त्यात लिहिलं आहे. माझं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. तू आली नाहीस तर मला कळेल. आलीस तर तार तिसऱ्या टेबलामागे आहे, जरा घट्ट बसते, डावीकडे वळवून ओढावी लागते. मी दाराशी असेन. माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही.

माफी मागत नाही. मागितली की तू देऊन टाकशील, तुझा स्वभावच तसा आहे.

एकच मागणं आहे. हे वाचून झालं की एका कागदावर 'मिळालं' एवढं लिहून पाठव. राग, उत्तर, काही नको. स्पीड पोस्टाची पावती माझ्याकडे असेल, पण पावतीवर मी आता विश्वास ठेवत नाही. तुझ्या हातचा तो एक शब्द येईपर्यंत, हे पत्र तुला पोचलेलं नाही असंच मी धरून चालेन.

वाट बघणारा,
खटपट्या