न विचारता दिलेला प्रबंध

सर,

यंदापासून एम.एस्सी.च्या मुलांना शेवटच्या सत्रात निवड करायची मुभा मिळाली आहे. प्रबंध लिहायचा, नाहीतर एखाद्या डेअरीच्या प्लँटवर जाऊन इंटर्नशिप करायची. वाटा तुमच्या वेळीही दोन्ही होत्या, फक्त निवडायचं काम तुम्ही करत होता. तुम्ही स्कूटरवरून सांगवीला आमच्या घरी आलात, बाजेवर बसलात आणि आबांना म्हणालात, "पोरगी प्रबंध करंल. डोकं हाय तिला." आबा म्हणाले, "तुमी म्हणाल तसं, सर." मी आत चहा गाळत होते. कप घेऊन बाहेर येईपर्यंत माझं ठरून गेलं होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण गुरुजी घरी आले म्हणजे त्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत होतं.

आता तुमच्या खुर्चीवर मी बसते. मुलं निवडीचं ऐकलं की आधी कष्ट कुठं कमी ते विचारतात. मी त्यांच्यावर चिडत नाही. तुम्ही चिडला असता.

तुमची बोलणी मात्र अजून कानात आहेत. माझ्या प्रबंधाचा विषय कासदाहाचा, म्हणजे आपल्याकडची दगडी. वरून धडधाकट दिसणाऱ्या किती गाईंना ती आतून असते, ते शोधायचं. मी पणदऱ्यात घरोघर फिरते, बायका मला खुर्ची देतात, चहा देतात, माझ्या हातातल्या बाटल्या घेऊन गोठ्यात जातात आणि भरून आणून देतात. सगळे नमुने स्वच्छ निघतात. मी खुशीत तुमच्याकडं येते. तुम्ही आकडे बघता, चष्मा काढता आणि विचारता की बाटल्या भरताना तू कुठं होतीस. मी म्हणते, ओसरीत. शिकवताना पुस्तकी बोलणारे तुम्ही एकदम घरच्या बोलीवर येता. "बाई, ह्ये दूध गाईचं न्हाय, पाहुणचाराचं हाय. कालिजाची पोर दारात आल्यावर कोण नासकं दूध दील?" आणि तसंच झालं होतं. प्रत्येकीनं आपली जी गाय चांगली, त्या एकाच गाईच्या दुधानं सगळ्या बाटल्या भरल्या होत्या. त्यात फसवायचं कुणाच्या मनात नव्हतं, आल्यागेल्याला चांगलं द्यायचं एवढंच. तुम्ही मला पुन्हा पाठवलंत, धारेच्या वेळेला. शेण काढ, वैरण टाक, लोक खुर्ची द्यायचे थांबले की मग बाटली काढ, म्हणालात. तसं केलं, तेव्हा कुठं दगडी सापडायला लागली.

यंदाच्या वर्गात इंदापूरकडची एक मुलगी आहे. कधीकाळी मेंढरं राखणारं घर, आता ऊस आणि संकरित गाई. नमुना हातात धरण्याची तिची पद्धत बघून मला वाटायचं, माझ्यानंतर हे टेबल हिनं घ्यावं. त्यासाठी तिनं प्रबंध करायला हवा होता, पुढं पीएच.डी. तिकडं एमआयडीसीतल्या एका डेअरीनं तिला इंटर्नशिपला बोलावलं. बहुतेक मुलांना ते पुढं नोकरीवर ठेवून घेतात. सोमवारपर्यंत निवड कळवायची होती. मी विचारलं तर खाली मान घालून म्हणाली, "घरचे इंटर्नशिप म्हणत्यात, मॅडम." मला ते गाऱ्हाणं वाटलं. पोरीला शिकायचंय आणि घरचे आडवे येतायत, असं मी धरून चालले. रविवारी गाडी काढली आणि तिच्या घरी गेले. वाटेत 'पोरगी प्रबंध करंल' हे तुमचंच वाक्य मनात घोळवत होते.

आईनं साईचा चहा दिला. मी प्रबंधाबद्दल, पुढच्या शिक्षणाबद्दल बोलले. आडवे येणार असं वाटलेले वडील टोपी सारखी करत म्हणाले, "तुमी एवढं लांबनं आलाय. तुमी सांगाल तसं." काम फत्ते झालं होतं. उठायचं, चारचाकीत बसायचं, एवढंच उरलं होतं. पण हातात कप, बुडाखाली खुर्ची, आणि मला पणदऱ्याची ओसरी आठवली. हेही पाहुणचाराचंच होतं. मी म्हटलं, तिलाच विचारू या. वडील हसले, तिला काय इचारायचं, म्हणाले, ती तुमच्याच हाताखालची.

ती दाराशी उभी होती. आधी आईकडं बघितलं. मग म्हणाली, "मला प्लँटवरच जायचंय, मॅडम. पहिल्यापास्नं. थिसिस तुमाला पायजे हाय. तुमाला न्हाय म्हणायला जीभ रेटंना, म्हणून घरच्यांचं नाव सांगितलं."

आई तिच्याकडं रागानं बघत राहिली. मी चहा संपवला, बरं म्हटलं आणि निघाले. सोमवारी तिच्या निवडीवर सही केली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. ती तिथं चांगलं काम करेल, यात मला शंका नाही.

तुम्ही हयात असतात तर हे लिहिलं नसतं, आणि लिहिलं असतं तरी फाडून टाकलं असतं. आता पाठवायची सोय नाही म्हणून हात धजावतोय. माझं आयुष्य वाईट गेलं नाही, सर. शिकवायला मला आवडलं. पण तुम्ही सांगवीला आलात तेव्हा मलाही डेअरीवरच जायचं होतं. तिच्याकडं निदान पुढं करायला घरच्यांचं नाव तरी होतं. मी चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा आबा आधीच हो म्हणून बसले होते.