अण्णांचा चौथा लॅपटॉप

रहिमतपूर, रविवार

प्रिय ताई,

पत्र बघून घाबरू नकोस. अण्णा आहेत, घरीच आहेत, आत्ता खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेत. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं तू घाई न करता वाचशील. मला सगळं क्रमानं सांगायचंय, नाहीतर काहीतरी राहून जाईल.

गेल्या आठवड्यात मी सांगलीहून अण्णांसाठी जुना लॅपटॉप आणला. हा चौथा. लालासाहेब म्हणून एकांचं भंगाराचं दुकान आहे, ते बंद ऑफिसांतलं सामान उचलतात. मी लॅपटॉपचं झाकण न उघडता आधी त्याची मागची बाजू बघते, त्याचं त्यांना हसू येतं. ‘तायडे, सोयरीक बघाय आलीस आन् आदी पाठ बघतीस व्हय?’ मला मागे प्रिंटरची ती जुनी रुंद, पंचवीस भोकांची जागा हवी असते. हल्लीच्या लॅपटॉपला ती नसते. याला होती. एक बिजागरी तुटलेली, बॅटरी मेलेली, कळांच्या फटींत हळदकुंकू. कुणीतरी दर दसऱ्याला मनापासून पूजा केली असणार. लालासाहेब म्हणाले, ‘ह्यो लॅपटॉप न्हाई, जेवाय बसायचा पाट हाय. किलोवर घिऊन जा.’

ती जागा कशाला लागते ते तुला आठवत असेल. आपल्या दुकानातल्या मराठी टायपिंगचं कुलूप, ती काडेपेटीएवढी डबी, तिथंच बसते. डबी नसली की ते सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि अण्णांची बोटं दुसऱ्या कशावर चालत नाहीत. तीस वर्षं त्यांनी त्याच कळांवर गावाच्या लग्नपत्रिका केल्या. आता ते त्यावर बोलतात.

अण्णांना आवाज नाही, ताई. दीड वर्षापूर्वी मिरजेला घशाचं ऑपरेशन झालं. कॅन्सर होता, स्वरयंत्र काढलं. गळ्यावर भोक आहे, त्यातून श्वास घेतात. तुला कळवायचं नाही, असं त्यांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बजावलं होतं. तू मेसेजवर विचारायचीस, अण्णा बरे आहेत ना, तेव्हा मी ‘जेवले’, ‘झोपलेत’ एवढं खरं असेल तेवढंच लिहायचे.

सुरुवातीला मी त्यांना पाटी दिली. ती त्यांनी खाटेखाली सारली. मग माझ्या लॅपटॉपवर नवं मराठी टायपिंग घालून दिलं. त्यात जोडाक्षरं वेगळ्या कळांनी येतात. एखादं अक्षर अडलं की ते झाकण आपटायचे आणि दिवसभर गप्प. गप्प हा शब्द आता वेगळा वाटतो, पण ते खरंच गप्प असायचे. दुकानातला कॉम्प्युटर कधीच जळला होता, आणि असता तरी खाटेवर कुठे ठेवणार? म्हणून मी जुने लॅपटॉप शोधायला लागले.

दुरुस्ती मी कुठे शिकले नाही. तू शाळेत असायचीस, मी अजून शाळेत जात नव्हते, तेव्हा दुकानात काउंटरखाली बसून अण्णांचे हात बघायचे. अक्षरंही मी त्या कळांवरच शिकले. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरनं घासायच्या, स्क्रू ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं ताटलीत मांडायचे. आताही मी जमिनीवर बसून लॅपटॉप उघडते, ते खाटेवरून बघतात आणि चुकले की चमचा वाजवतात. मी फार चुकते. एकेक स्क्रू दोनदा बघते, तरी चुकते.

पहिला लॅपटॉप चालू झाला तेव्हा त्यांना तहान लागली होती. त्यांनी टाइप केलं, ‘तरी आपण पाणी घेऊन अगत्य येणेचे करावे.’ बोटांना तेवढीच भाषा ठाऊक होती. मी पाणी नेलं. दोघांपैकी कुणी हसलं नाही. पंधरवड्यानं एकदा सकाळी पडद्यावर आलं, ‘च्या लय ग्वाड. मानसं मारतीस का?’ तेव्हा मला कळलं की हे अण्णा आहेत.

शेजारच्या बयाबाईंना वाचता येत नाही, म्हणून अण्णांनी टाइप केलेलं मी मोठ्यानं वाचते. एकदा लिहिलं, ‘बये, आमच्या दुकानाच्या पूजेला तू लाडू पळवलंस, मी इसरलो न्हाई.’ मी ‘लाडू नेलेत’ असं वाचलं. चमचा आपटला. मग मला ‘पळवलंस’ म्हणावं लागलं. बयाबाई म्हणाल्या, ‘आवं बाळासो, दोनच हुतं की! घसा गेला, पन खोड न्हाई गेली.’ अण्णांचे खांदे बराच वेळ हलत होते. त्यानंतर मी एकही अक्षर बदलत नाही.

गेल्या महिन्यात तपासणीला मिरजेला गेलो. फुप्फुसात उतरलंय. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. मी ‘बरं’ म्हटलं आणि औषधांची चिठ्ठी नीट घडी करून पर्समध्ये ठेवली. स्टेशनवर अण्णांनी बोट दाखवून मला भडंग घ्यायला लावलं. गाडी येईपर्यंत मी ते सगळं खाल्लं. तिखट होतं की नाही, मला सांगता येणार नाही. घरी आलो आणि दोन दिवसांत तिसरा लॅपटॉप बंद पडला. खोडरबर, ब्रश, सगळं करून पाहिलं. म्हणून हा चौथा. तिसऱ्याची हार्ड डिस्क यात बसवली, बिजागरीला तार गुंडाळली. पडदा उजळला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मी उठून कुकर लावला.

आता तुझ्याबद्दल. तू दाजींचं नाव काढलंस त्या दिवशी मी दारात उभी होते. ‘मेंढरामागं हिंडनाऱ्याच्या घरात माझी पोरगी?’ इथून अण्णांनी सुरुवात केली. तू दर वेळी ‘अण्णा, ऐका तरी’ म्हणायचीस आणि दर वेळी त्यांचा आवाज तुझ्यावर चढायचा. संध्याकाळच्या एसटीनं तू गेलीस. पाचगणीला तुमचं लग्न झालं, त्याची पत्रिका छापलीत की नाही, हे मला अजून माहीत नाही.

हे पत्र अण्णांनी लिहायला सांगितलंय. बुधवारी लॅपटॉप पुढ्यात ठेवला तेव्हा मला वाटलं, औषधाचं काहीतरी म्हणतील. त्यांनी लिहिलं, ‘थोरलीला बोलीव. मला काय सांगायचं न्हाई. तिचं ऐकायचं ऱ्हायलंय.’ मी विचारलं, फोन करू? ‘फोनवर म्हनंल, अण्णास्नी द्या. मग काय देशील?’ मेसेजमध्ये हे सगळं मावलं नसतं, आणि पोस्टावर माझा भरवसा नाही. आपल्या गल्लीतले आप्पासो उद्या स्ट्रॉबेरीची रोपं आणायला पाचगणीला जातायत, त्यांच्या हाती देतेय. बुधवारी अण्णांनी स्वतः झाकण मिटलं, डबी काढून माझ्या हातात दिली, आणि त्यानंतर एक कळ दाबलेली नाही. लॅपटॉप चांगला आहे, मी रोज चालू करून बघते. ताई, आप्पासोंबरोबरच निघालीस तरी चालेल. दाजींनाही आण. त्या दिवशी जे बोलायचं होतं ते सगळं बोल, रागानं बोललीस तरी चालेल. मधे कुणी बोलणार नाही.

तुझीच, दार उघडं ठेवून बसलेली,
स्वप्नाली