दोन सरकारांचं साटंलोटं

पुंडलिकनगर, औरंगाबाद
१२ फेब्रुवारी १९८७

चि. बद्रीनाथ यास आईचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. बर्फाचं वर्णन लई केलंस, कधी येणार ते एका ओळीत पण नाय. तुझा बर्फ घेऊन मी काय करू?

रशियात सहा वर्षं शिकून इंजिनियर होऊन आलास. इथल्या हपिसानं विचारलं, ही पदवी आमच्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची? ते कुणालाच सांगता येईना. वर्षभर दारात बसलास आणि बेजार होऊन परत मॉस्कोच्या कारखान्यात गेलास. तुला तिकडं शिकायला धाडणारं पण सरकारच होतं ना? धाडताना कुणी काय विचारलं नाय. गारखेड्याचा तुझा कडूबामामा भेटला की पहिलं विचारतो, भाचा कधी येतो. मी आता त्याला बघून रस्ता बदलते.

आवडाचं एमएस्सीचं शेवटचं वर्ष. पेपरात रशियाचं नाव दिसलं की तुझी ही बहीण मोठ्यानं वाचती. तुझ्या खाटेवर मी कुणाला बसू देत नाय. तुझे दादा बसले तरी उठवते, बाप असले म्हणून काय झालं.

लोभ आहेच. वाढवायचा असंल तर घरी येऊन वाढव.
आई


मॉस्को
२० मे १९८७

ती. सौ. आईस बद्रीनाथचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. तुझं पत्र वाचताना खाटेपाशी थांबलो, पुढं वाचायला वेळ लागला. दादांना बसू दे गं.

खबर चांगली आहे. पदव्यांसाठी दोन्ही सरकारांची बोलणी चालू आहेत. करार झाला की इथली पदवी तिकडं आणि तिकडची इथं, दोन्ही बरोबरीच्या धरतील. मग मी आपल्याकडं कुठंही अर्ज करू शकतो. करार झाला की निघालोच समज. माझा थंडीचा कोट एका मित्रानं आत्ताच मागून ठेवलाय. आपल्या उन्हात तो घालून फिरलो तर गल्लीतली कुत्री मागं लागतील.

दादांना नमस्कार. आवडाला म्हणावं, पेपर वाचत राहा. माझी आठवण काढशील हे सांगायला नको, पण रडू नकोस.
बद्री


पुंडलिकनगर
१५ जून १९८७

चि. बद्रीनाथ यास आशीर्वाद.

मी रडत नाय. बारीक अक्षर वाचलं की डोळ्याला पाणी येतं, मोठं लिवत जा.

करार म्हणजे काय ते आवडानं समजावलं. मी म्हणलं, एवढंच ना, हे तर साटंलोटं. तुमची लेक आमच्यात, आमची तुमच्यात, मग कुणी कुणाला हलकं म्हणायचं नाय. माझं लग्न असंच झालं. दादांची बहीण सारजाबाई माझ्या भावाला दिली आणि मला दादांना. म्हणून तर ती तुझी आत्या पण आणि मामी पण. ज्या दिवशी ती माझ्या माहेरच्या दारात उतरली, त्याच दिवशी मी त्या दारातून निघाले. घरात माणसं होती तेवढीच राहिली. तरी माझी आई कितीतरी दिवस जेवताना एक ताट जास्तीचं मांडायची, असं सारजाबाईच सांगती.

हे ऐकून आवडा उठून आत गेली. हल्ली तिचं काय चाललंय कळत नाय.

तुझ्या सरकारांना म्हणावं, लवकर उरका. आमची सोयरीक एका बैठकीत ठरली होती.

लोभ किती आहे ते विचारू नको, निघायची तारीख कळव.
आई


मॉस्को
२४ जानेवारी १९८८

ती. सौ. आईस शि. सा. नमस्कार.

करार झाला. नोकरीचा अर्ज तिकडच्या कचेरीनं घेतला, मुलाखतीला बोलावलंय. मार्चमध्ये येतो, आणि राहायला येतो.

आता दुसरी गोष्ट. रागावशील हे धरूनच लिहितो. आवडानं मला वेगळं पत्र पाठवलंय. आपल्या विद्यापीठाची एमएस्सी आता इथं चालते. पुढच्या शिक्षणासाठी तिला मॉस्कोची शिष्यवृत्ती मिळतेय, सप्टेंबरात निघावं लागेल. तू त्या जास्तीच्या ताटाची गोष्ट सांगितलीस, तेव्हापासून तुझ्यापुढं तिची जीभच उचलेना. तू नको म्हणालीस तर जाणार नाही, असं तिनं लिहिलंय. ती तसं करीलही.

तुझा शब्द येईपर्यंत मी तिला काही कळवत नाही. माया कमी करू नकोस, दोघांवरची.
बद्री


पुंडलिकनगर
१० फेब्रुवारी १९८८

चि. बद्रीनाथ यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि आवडाशी बोलणं टाकलं. ती आपली भाकरी थापत राहिली. शेवटी मीच विचारलं, तिकडं भाकरी मिळती का? तर लागली रडायला.

साट्यात एक येतं तर एक जातं, हे मला कुणी शिकवायला पाहिजे व्हय? तुझ्या येण्याच्या नादात मी दुसरं अंग बघितलंच नाय. मला देताना माझ्या आईला कुणी विचारलं नव्हतं, आणि मला पण नाय. हिनं विचारलं. तुझ्या आडून का होईना, पण विचारलं. आता विचारल्यावर नको कसं म्हणू?

तर ऐक. तुझ्या मित्राला सांग, कोट मिळणार नाय. अंगावर घालून ये. उस्मानपुऱ्यात एक शिंपी आहे, तो बाह्या आखूड करून देतो म्हणाला. खांद्यात तिला ढगळ होईल, होऊ दे, आतून स्वेटर मावंल.

खाट झटकून ठेवली आहे. सप्टेंबरानंतर मी ताटं किती मांडते ते कुणी मोजायचं नाय, तुझ्या दादांना पण सांगून ठेवलंय.

कोट विसरून आलास तर दारातूनच परत धाडीन. लोभ दोघांवर आहे, वाटणी मागू नका.
आई