उपाशी बाटली

सोमवार

पन्नाशीत नोकरी बदलणारा माणूस एकतर धाडसी असतो, नाहीतर आधीच्या ठिकाणी नकोसा. मी कोण, हे सौ.ला विचारावं. खोली मात्र झकास, प्रयोगशाळेच्या वरच. काम सोपं: बंद बाटल्यांत खरकटं कुजवायचं आणि निघणारा वायू दोन स्वयंचलित यंत्रांनी मोजायचा. एक दाब मोजतं. दुसरं वायूचा घोट भरला की ‘टक’ करतं. कोण खरं बोलतं, ते मी ठरवायचं. एका बाटलीत खरकटं नाही, नुसतं विरजण, म्हणजे कुजवणारे जंतू. तिला इथे ‘उपाशी’ म्हणतात. तिचा वायू इतरांतून वजा करायचा. तिची नळी गळते का, हे पाहायला मी तोंडानेच फुंकर मारली. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या की त्यासाठी सिलिंडर असतो, शास्त्रीबुवा. म्हटलं, असू द्या, प्राणप्रतिष्ठा झाली.

बुधवार

भरल्या पोटाच्या बाटल्या सुस्त, उपाशी जोरात. एरवी जावांसारखी भांडणारी दोन्ही यंत्रं इथे एकमुखी. बाईंना संशय, शेजारच्या बाटलीचा वायू हिच्या नळीत गळतोय. नळी बदलली, टकटक तशीच. फोनवर सौ.ने विचारलं, जिना चढून आलात का, धाप लागलीय. मी तासभर खुर्चीतच होतो.

शुक्रवार

मी श्वास सोडला की टक होतं. गंमत म्हणून रोखून धरला. टक थांबलं, दाबाची रेघही आडवी. सोडला, टक. सकाळी मी जिना चढलो, तेव्हाची टकटकही रेघेवर आहे, दाट.

शनिवार

सौ. म्हणाली, आजच्या आज घरी या. बॅग घेऊन निघालो. कोपऱ्यापर्यंतच. पुढे छातीत काही येईचना. रांगत मागे आलो, तेव्हा कुठे —

सोमवार

क्रम फिरला. आधी टक, मग माझा श्वास. रोखून पाहिला, रोखता येत नाही. ती देईल तेवढा. झाकण काढून फेकावी म्हटलं — पण आत जे आहे ते माझं —

मंगळवार

बाई खूश. यंत्रं जुळली, चाचणी संपली, बाटल्या धुवायच्या. नको म्हणायला श्वास पुरला नाही. कागदावर लिहून दिलं. वाचून हसल्या. म्हणाल्या, “तुम्ही बसा, शास्त्रीबुवा. उपाशी मीच धुते.”

नळ सोडला — झाकणाला हात — टक —

फिरवतायत — टक —

सौ.ला सांगा, मी निघालो हो